साठ मुद्गल हवेत

आमच्या कंपनीत कुणी कुणाला शाबास म्हणत नाही. काम बरोबर झालं तर मालक गप्प बसतो आणि चुकलं तर अर्धी शिरोली एमआयडीसी ऐकते. मालक म्हणजे माझा धाकटा दीर, रणधीर चौगुले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही, पण ही गोष्ट ठाऊक नसेल तर पुढचं काहीच कळायचं नाही.

माझं काम चाचणीचं. वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी ती जितकी मोडता येईल तितकी मोडून बघायची. माझ्या ह्या स्वभावाला सासरी किरकिर म्हणतात आणि कंपनीत सुरक्षा विभाग म्हणतात. पगार एवढाच काय तो फरक.

कंपनी उभी राहिली ती माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. पिराजी तालमीत वस्ताद. बारा वर्षांपूर्वी उताणे झोपून लोखंडी डंबेल उचलत होते, तेव्हा एका टोकाची पकड ढिली झाली आणि त्या बाजूच्या चकत्या निसटल्या. हात उलटा पिळला. उजव्या खांद्यात पट्टी आणि स्क्रू बसवून डॉक्टरांनी सांगितलं, की हा खांदा पुन्हा निखळला तर हात नुसता शर्टाची बाही भरायला उरेल. रणधीर तेव्हा इंजिनिअरिंगला होता. दादाच्या हातात पुन्हा मुद्गल देईन असं तो दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला, आणि कबूल करायला हवं, त्याने ते करून दाखवलं.

त्याच्या मुद्गलाचं नाव 'तोल'. दिसायला तालमीतल्या लाकडी मुद्गलासारखाच, वजन फक्त तीन किलो. पायावर पडला तर माणूस शिवी देईल, प्लास्टर लागणार नाही. पण फिरवायला लागलं की तोच मुद्गल सहाचा वाटतो, नऊचा वाटतो, बाराचाही वाटतो. ह्यात जादू काही नाही. सायकलचं चाक काढून आसाला दोन्ही हातांनी धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग तिरकं करून बघा. चाक ऐकत नाही, हट्टी पोरासारखं दुसरीकडेच ओढतं. तोलच्या पोटात अशी दोन लहान जड चाकं भन्नाट वेगाने फिरत असतात. हात जिकडे जाईल त्याला अडवायला ती किती वळवायची हे आतला संगणक ठरवतो. वजन वाढत नाही, अडवणूक वाढते, आणि हाताला त्यातला फरक कळत नाही. मुठीतल्या पट्ट्या स्नायूंची थरथर मोजतात, हात थकला की अडवणूक हळूहळू उतरते. आजोबांना आणि नातवाला एकच जोडी पुरते.

प्रश्न होता तो ऐन वेळच्या अडचणीचा. दोन्ही हात गुंतलेले असताना बटण दाबणार कशाने? म्हणून रणधीरने शब्द ठेवला: बास. पंगतीत वाढप्याला, भांडणात नवऱ्याला आपण हाच शब्द वापरतो, तो शिकवावा लागत नाही. मुद्गलातल्या इवल्याशा माइकने 'बास' ऐकलं, की पापणी लवायच्या आत सगळी अडवणूक सुटते. हा शब्द कुणाला, कुठूनही बंद करता येऊ नये असा आग्रह माझा होता. नाहीतर उद्या एखादा पीटीचा मास्तर, पोरं फार बास-बास करतात म्हणून, तो बंदच करून ठेवेल. नियम बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन.

एप्रिलमधल्या एका रविवारी कोल्हापुरात तोलचा जाहीर कार्यक्रम ठेवला होता. तालीम संघाचं सभागृह, आठेकशे माणूस, व्यासपीठावर पिराजी आणि त्यांचे शिष्य मिळून तीसजण, प्रत्येकाच्या हातात जोडी. पुढच्या रांगेत फडणीसबाई बसणार होत्या. पुण्याच्या ह्या बाई शंभरेक शाळांसाठी व्यायामाचं सामान घ्यायच्या. त्यांनी होकार दिला तर आमचा कारखाना तीन पाळ्यांत चालला असता.

कार्यक्रमाच्या तासभर आधी मी पडद्यामागे आमचा लोखंडी हात लावून बसले होते. हा हात म्हणजे चाचणीचं यंत्र. माणसासारखाच खांदा, कोपर, मनगट. खांद्याचं माप आमच्या ह्यांच्याच खांद्यावरून घेतलेलं, म्हणून कामगार त्याला 'दुसरे वस्ताद' म्हणतात. तो मध्यम अडवणुकीवर शांतपणे मुद्गल फिरवत होता. छताचे मोठे पंखे नुकतेच सुरू झाले होते. पलीकडे पिराजी शिष्यांची तयारी करून घेत होते, आणि एका मुलीचा हात चांगला फिरला म्हणून ते जोरात म्हणाले, "शाब्बास!"

दुसऱ्या वस्तादांचा हात ताडकन पुढे उसळला आणि तो फार पुढे जाऊ नये म्हणून बसवलेला थांब्याचा बोल्ट वाकला.

आधी वाटलं, वायर सैल असेल. वायर बघितली, ठीक होती. मग मीच म्हटलं, "शाबास." हात पुन्हा उसळला. पंखे बंद करायला लावले आणि पुन्हा म्हटलं, तर काही नाही. हात आपला मुकाट फिरतोय. पंखे सुरू केले, शाबास म्हटलं, उसळला.

मग कारण डोक्यात आलं. गोंगाटात माणसाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून माइकच्या मागे एक गाळणी असते. पंखा, वारा, टाळ्या असली सगळी सळसळ ती गाळून टाकते. आणि 'श' म्हणजे तरी काय? तोंडाने काढलेली सळसळच. शांत खोलीत गाळणी झोपलेली असते, तिथे 'शाबास' पूर्ण ऐकू येतं. गोंगाटात ती जागी होते, शब्दाच्या तोंडाशी आलेल्या 'श'ला पंखा समजून खाऊन टाकते (आवाजाला चिकटून मागून येणारा 'स' तिला माणसाचाच वाटतो), आणि मुद्गलाला ऐकू येतं ते 'आ, बास'.

महिनोन् महिने आम्ही चाचण्या घेतल्या होत्या. गोंगाटातही घेतल्या. बास, बस, बाद, भास, सगळं बोलून बघितलं. पण आमच्या त्या शेडमध्ये कुणी कुणाला शाबास म्हणालं नव्हतं. म्हणणार कोण?

अडवणूक हलकी असली तर सुटून काही बिघडत नाही. पण बारा किलोच्या अडवणुकीवर मुद्गल पाठीमागून वर येत असतो तेव्हा माणूस सगळी ताकद लावून ढकलत असतो. तेवढ्यात अडवणूक नाहीशी झाली, तर भरलेली समजून रिकामी हातगाडी ढकलावी तसं होणार. तिथे माणूस तोंडावर आपटतो. इथे खांदाच जागा सोडणार.

मी रणधीरला गाठलं. तो टाय नीट करत होता.

"वहिनी, पाहुणे आलेत. आत्ता मला उच्चारशास्त्र नका शिकवू."

"भाऊजी, कार्यक्रम पुढे ढकला. नाहीतर निदान पंखे तरी बंद करा."

"एप्रिलात? माणसं उठून जातील." त्याने क्षणभर विचार केला. हुशार आहे तो, लगेच कळलं होतं त्याला. "बरं, सगळ्या जोड्या टॅब्लेटवरून तीन किलोवर ठेवतो. तीनवर धोका नाही ना?"

"तीनवर नाही."

"मग झालं तर. जा, दादाला सांगा तेवढं."

पिराजी खांद्याला तेल चोळत होते. मी सगळं सांगितलं. ऐकून ते हसलेच. "कुस्तीतल्या वस्तादाला शाबास म्हणू नको म्हणतीस? मग पोरांना काय म्हणू, आभारी आहे?"

"हसण्यावारी नेऊ नका."

"बरं, मी न्हाई म्हणत. पर समोर एवढा लोक बसलाय, त्यांच्या तोंडाला टाका घालणार हाईस का?"

"मग तुम्ही आज फिरवू नका. नुसते उभे राहा."

त्यांचा हात थांबला. "बारा वरसं नुसता उभाच हाय की मी. दुसऱ्याच्या पोरांस्नी फिरवताना बघतोय. आज माझी पाळी हाय, वैजू. खांदा गेला तर गेला."

गेला तर गेला! खांदा पहिल्यांदा गेला तेव्हा ते बेशुद्ध पडले होते. हाडाचा आवाज ऐकला होता तो मी. मी रागाने तेलाची बाटली त्यांच्या हातातून हिसकून घेतली, आणि तेवढ्यात निवेदकाने त्यांचं नाव पुकारलं.

हलगी कडाडली. तीसजण रांगेत उभे राहिले. साठ मुद्गल एकदम खांद्यावर चढले, पाठीमागे गेले, वर आले. प्रत्येक मुठीखाली एक दिवा असतो. हलकी अडवणूक असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, बाराला लाल. सगळे हिरवे होते. रणधीरने शब्द पाळला होता. मी विंगेत खांबाला टेकून श्वास सोडला. पिराजींचा हात असा फिरत होता, जसा लग्नाच्या वेळी फिरायचा. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

मग फडणीसबाई रणधीरकडे वाकल्या. काय बोलल्या ते हलगीत ऐकू आलं नाही, पण हाताची खूण दिसली. वस्तादांना तर घामही आलेला नाही, असा तिचा अर्थ होता. रणधीर हसला, टॅब्लेटकडे बघितलं, विंगेत माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

हिरवे दिवे पिवळे झाले.

मी मान जोरजोरात हलवली. त्याने पाहिलं नाही. किंवा पाहिलं. दिवे लाल झाले.

मुद्गलांचा वेग उतरला आणि सगळ्यांच्या दंडावरच्या शिरा तटतटल्या. आता लोकांना मजा यायला लागली. कोल्हापूरचा प्रेक्षक आधी पुढे सरकून बसतो, मग 'हाऽऽ' म्हणतो, मग 'वा रं वा' म्हणतो. त्याच्या पुढची पायरी कुठली हे मला सांगायला नको. पहिला 'हाऽऽ' झाला. पिराजींच्या कपाळावरून घाम ओघळला, चेहऱ्यावर मात्र असं समाधान, की जगात दुसरं काही नाहीच.

ओरडावं तर काय ओरडावं? 'बास' म्हणणं म्हणजे मीच साठ मुद्गल सोडणं. 'थांबा' म्हटलं तर पोरं मधेच मान वळवणार, हे तर थांबणारच नाहीत, आणि बायको अडवतेय तरी गडी फिरवतोय म्हटल्यावर लोक दुप्पट चेकाळणार. मला हात खाली आणायचे होते, तेही हळू. आणि आठशे तोंडं मिटवायची होती, तीही एकदम. माणसाचे हात हळू खाली येतात आणि तोंड आपोआप मिटतं, असं कधी होतं?

"वा रं वा!" मधल्या रांगेतला एक पैलवान उठून उभा राहिला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

मी निवेदकाच्या हातातून माइक ओढून घेतला.

"वाईट बातमी आहे," मी म्हणाले. "हिंदुराव वस्ताद गेले."

हिंदुराव वस्ताद म्हणजे ह्यांचे गुरू. नव्वदी ओलांडलेली, कागलजवळच्या गावी राहतात. त्या सभागृहातल्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हाताखाली आखाड्याची माती अंगाला लावून घेतली होती. सकाळीच त्यांच्या सुनेशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. वस्ताद अंगणात बसून पिठलं-भाकरी खात होते.

हलगीचा ठेका मधेच तुटला. उभ्या राहिलेल्या पैलवानाने घेतलेला श्वास तसाच सोडला आणि दोन्ही हात जोडले. मागच्या रांगांमधून माणसं उठून उभी राहायला लागली, खुर्च्यांचा आवाजसुद्धा होऊ न देता. व्यासपीठावर साठ मुद्गल एकामागून एक, सावकाश खाली आले. सगळ्यात शेवटी पिराजींचे. त्यांनी जोडी जमिनीवर टेकवली, मूठ सुटली तसे लाल दिवे विझले, आणि ते तिथेच मांडी घालून बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मी त्यांना किती वेळ रडू दिलं? सगळ्या मुठी सुटल्याची खात्री होईपर्यंत. मग खरं सांगितलं. वस्ताद जिवंत आहेत, मुद्गलात दोष आहे, आणि हे सोडून दुसरा मार्ग मला सुचला नाही.

शांतता जशी आली होती तशीच गेली. लोक खवळले. जिवंत माणसाला मारते म्हणजे काय, कोण ही बाई, हिला आधी खाली उतरवा. चपलेचा एक जोड व्यासपीठावर आला. रणधीर पांढराफटक पडला होता, पण रागाने. "दोष? कसला दोष? माझ्या वहिनींना सगळीकडे दोषच दिसतात!" तो विंगेत गेला आणि लोखंडी हात स्वतः ढकलत मधोमध घेऊन आला. वाकलेला बोल्ट काढून नवा घातला. "बघा तुम्हीच. बारावर लावतो. बघा काय होतंय!"

दुसरे वस्ताद मुद्गल फिरवायला लागले. एक फेरा, दुसरा फेरा. नियमित, सुरेख. रणधीर माझ्याकडे वळून बघायला लागला. पंखे घरघरत होते. मला बोलायची गरजच नव्हती, कारण मी आपल्या माणसांना ओळखते.

"शाब्बास गं बाई!" मघाचाच तो पैलवान ओरडला. "जित्या माणसाला मारलंस की! शाब्बास!"

लोखंडी हात वर उसळला. खांद्याचा सांधा बंदुकीसारखा वाजला, आणि कोपर, मनगट, मुद्गल असा अख्खा हात खांद्यापासून तुटून रणधीरच्या पायाशी येऊन पडला. मुद्गल तीनच किलोचा होता. फळीला नुसता पोचा आला.

फडणीसबाई उठल्या, वाकून तुटलेला सांधा त्यांनी निरखून बघितला आणि म्हणाल्या, "शब्द बदला. मग मला बोलवा." रणधीर गप्प. आमच्या कंपनीत गप्प म्हणजे काय, ते मी सांगितलंच आहे.

पिराजी मात्र त्या तुटलेल्या हाताकडे बघतही नव्हते. ते उठले, अंगात शर्ट अडकवला आणि बाहेर गेले. मी मागोमाग धावले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "कागल." वाटेत अवाक्षर नाही. खांदा वाचवल्याबद्दल कुणी मला हार घालावा अशी अपेक्षा नव्हती, पण निदान शिवी तरी द्यायची.

बातमी आमच्या आधी पोचली होती. वस्तादांच्या दारात पंधरा-वीस गाड्या. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात नारळ, एकाने तर तिरडीसाठी कडब्याच्या दोन पेंढ्याही आणलेल्या. आणि ह्या सगळ्या मंडळींच्या मधे कट्ट्यावर हिंदुराव वस्ताद स्वतः बसलेले, आलेल्यांना चहा घ्या म्हणत होते. खोटी मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. म्हातारा खरंच सकाळपेक्षा तरतरीत दिसत होता.

पिराजींनी पाय धरले, ते सोडेचनात. वस्तादांनी त्यांना उठवून शेजारी बसवलं, उजवा खांदा चाचपला, सांध्यावर अंगठा दाबून बघितला. मग माझ्याकडे मान वळवली.

"तूच व्हय मला मारणारी?"

"होय वस्ताद."

"रडलं का कोन?"

"सगळे. हे तर खालीच बसले."

"आं!" म्हातारा खुलला. "मेल्यावर कुठलं बघाय गावतंय हे." चहाचा एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "पर मीच का गं? मारायचंच हुतं तर तुझं सोताचं नाव घ्यायचंस. घरातल्या घरात. फोन आला, बायको गेली, म्हणून कुनाला तरी सांगाय लावायचंस."

वाटेतही हा प्रश्न माझ्या मनात आला होता, आणि उत्तरही आलं होतं. आता कशाला लपवायचं?

"माझं नाव घेतलं असतं," मी म्हणाले, "तर हे फेरा पुरा करून मग आले असते."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. वस्ताद हसले नाहीत, त्यांनी पिराजींकडे बघितलं. पिराजींनी मान खाली घातली. कपातल्या चहावर साय धरली तरी मान वर केली नाही. असं काही नसतं, असं ते म्हणाले नाहीत.

मला फार वाईट वाटलं. पण ह्यांनी कप धरला होता तो उजव्या हातात, आणि हात थरथरत नव्हता.